राजाविरुद्ध फिर्यादी कोण?

१८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. मुंबई हायकोर्टाच्या निकालांच्या खंडात त्याची नोंद 'क्वीन एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक' अशी आहे. १९०८ च्या खटल्यात राणीच्या जागी 'एम्परर' आला. गादीवर जो असेल तो फिर्यादी, प्रजेतला कोणीतरी आरोपी, अशी ती मांडणी. आज आपण पेपरात 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक अमुक' असं वाचतो आणि पहिल्या दोन शब्दांवर आपली नजर ठरतही नाही. पण त्या जागी नाव कुणाचं लिहायचं, या एका प्रश्नाने सतराव्या शतकातल्या इंग्लंडला अकरा वर्षं छळलं होतं.

राज्यक्रांती म्हटली की आपल्याला पॅरिस आठवतं, बास्तीयचा तुरुंग आठवतो, गिलोटिन आठवतं. शाळेच्या पुस्तकांनी तसंच शिकवलंय. मला मात्र त्याच्या १४० वर्षं आधीचा लंडनचा जानेवारी महिना जास्त शिकवून जातो. १६४९ च्या त्या महिन्यात काही वकील, सैनिक आणि पार्लमेंटचे सभासद एका जिवंत, गादीवर असलेल्या राजाला भर न्यायालयात उभं करायला निघाले होते. इंग्लंडात राजे त्याआधीही मेले होते. दुसरा एडवर्ड आणि दुसरा रिचर्ड यांना आधी गादीवरून उतरवलं, मग दुसरा राजा बसवला आणि मग पहिला बंदिवासात 'वारला'. अंधारातलं काम. ही माणसं उजेडात करायला निघाली होती आणि तिथेच सगळं अडत होतं, कारण उजेडात काम करायचं तर कागद लागतो.

तो कागद सगळा राजाच्या मालकीचा होता. वरिष्ठ फौजदारी न्यायालयाचं नाव 'किंग्ज बेंच'. समन्स निघायचं राजाच्या नावाने. न्यायाधीशाची नेमणूक राजाच्या सनदेने. गावात मारामारी झाली तर भंग व्हायचा तो 'राजाच्या शांततेचा'. राजद्रोहाची व्याख्या १३५१ च्या कायद्यात होती : राजाचा जीव घेण्याचा बेत रचणं, राजाविरुद्ध युद्ध पुकारणं, राजाच्या शत्रूंना साथ देणं. आता राजानेच प्रजेविरुद्ध युद्ध पुकारलं तर? त्या गुन्ह्याला कायद्यात नाव नव्हतं. तो चालवायला न्यायालय नव्हतं. आणि फिर्यादीच्या जागी लिहायला एकच नाव होतं, जे आरोपीचंच होतं.

इथपर्यंत गोष्ट आली कशी, ते थोडक्यात सांगतो. चार्ल्स पहिला १६२५ साली गादीवर आला. १६२९ नंतर अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही. पैसा हवा म्हणून त्याने 'जहाजपट्टी' वसूल केली. हा कर पूर्वी संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांकडून घेत, चार्ल्सने तो समुद्र न पाहिलेल्या गावांवरही बसवला. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने आपल्या वाट्याचे २० शिलिंग द्यायला नकार दिला. रक्कम त्याच्या दृष्टीने क्षुल्लक होती. त्याचा सवाल एवढाच होता, की संकट आलंय हे ठरवायचं कुणी? १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने कौल दिला, पाचांनी विरोधात. जिंकूनही राजा तिथे हरला, कारण पाच न्यायाधीश 'नाही' म्हणू शकतात हे देशाने पाहिलं. १६४२ मध्ये युद्ध पेटलं. १६४५ मध्ये नेझबीच्या मैदानावर राजाचं सैन्य मोडलं आणि त्याची खासगी पत्रांची पेटी पार्लमेंटच्या हाती लागली. परदेशातून फौज आणण्याचे त्याचे बेत छापून घरोघर गेले. पुढे कैदेत असताना, एकीकडे पार्लमेंटशी बोलणी चालू ठेवून, त्याने डिसेंबर १६४७ मध्ये स्कॉटलंडवाल्यांशी गुप्त करार केला आणि १६४८ मध्ये दुसऱ्यांदा युद्ध लावून दिलं. पहिलं युद्ध सैनिकांनी कदाचित माफ केलं असतं. दुसऱ्यानंतर सैन्यात बायबलमधला एक शब्द फिरू लागला : 'रक्तपाती माणूस'. सांडलेल्या रक्ताचा हिशेब त्याच्याकडूनच घ्यायचा.

पार्लमेंटला तो हिशेब नको होता. ५ डिसेंबर १६४८ ला कॉमन्स सभागृहाने १२९ विरुद्ध ८३ मतांनी ठरवलं की राजाशी तडजोडीची बोलणी पुढे न्यावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नल टॉमस प्राइड हातात यादी घेऊन सभागृहाच्या जिन्यावर उभा राहिला. सभासदांचे चेहरे त्याला ओळखता येत नव्हते, म्हणून ओळख पटवायला शेजारी एक सरदार उभा केला होता. चाळीसहून अधिक सभासद अटकेत गेले, त्यांच्या कितीतरी पट परत पाठवले गेले, आणि बरेच जण आपणहून घरी बसले. उरलं ते पार्लमेंटचं शेपूट. लोकांनी पुढे त्याला नावही तेच ठेवलं, 'रम्प'.

मला या क्रांतीबद्दल जितका आदर आहे तितकीच या सकाळची खंतही आहे. पुढे जे जे फसलं, त्याची मुळं या जिन्यापाशी सापडतात.

शिल्लक सभागृहाने १ जानेवारीला राजावर खटला चालवण्याचा ठराव केला. सरदारांच्या सभागृहाने तो फेटाळला. तिथे अडून बसण्याऐवजी कॉमन्सने ४ जानेवारीला तीन वाक्यांचा एक ठराव मंजूर केला, आणि माझ्या मते त्या शतकातला सर्वांत धाडसी मजकूर तोच आहे. ईश्वराखालोखाल सर्व न्याय्य सत्तेचा उगम जनता आहे. जनतेने निवडलेल्या कॉमन्सकडे देशातली सर्वोच्च सत्ता आहे. कॉमन्स जे कायदा म्हणून ठरवेल तो कायदा, मग राजाची आणि सरदारांची संमती असो वा नसो. पहिलं वाक्य वाचावं आणि थरारून जावं. दुसरं वाचताना महिनाभरापूर्वीचा तो जिना आठवतो.

आता न्यायालय बांधायचं होतं. ६ जानेवारीच्या कायद्याने १३५ जणांना 'कमिशनर', म्हणजे एकाच वेळी न्यायाधीश आणि ज्यूरी, नेमलं. वीस जण हजर असले तरी काम चालेल अशी सोय ठेवली, आणि ती शहाणपणाची ठरली, कारण निम्म्याच्या आसपास लोक फिरकलेच नाहीत. देशाच्या मुख्य न्यायाधीशांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. सेनापती टॉमस फेअरफॅक्स पूर्वतयारीच्या एका बैठकीला येऊन गेला, पुन्हा आला नाही. अध्यक्षपदी बसवावा लागला जॉन ब्रॅडशॉ, एक मधल्या दर्जाचा न्यायाधीश. गोळी झाडली जाईल या भीतीने त्याने टोपीला आतून पोलादाचे पत्रे लावून घेतले होते. ती टोपी आजही ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. सरकारी वकील ऐनवेळी आजारी पडला, म्हणून खटल्याची कागदपत्रं जॉन कुककडे आली.

जॉन कुक हे नाव क्रांत्यांच्या इतिहासात फार मागच्या रांगेत टाकलं गेलंय, याचं मला वाईट वाटतं. हा सामान्य शेतकरी घरातला वकील. गरिबांची अन्नान्नदशा आणि वकिलांची हाव यांवर त्याने वर्षभरापूर्वीच पोटतिडकीने लिहिलं होतं. त्याच्यापुढचं कोडं आपण वर पाहिलं. त्याने ते सोडवलं ते आरोपपत्राच्या पहिल्याच कलमात. चार्ल्स स्टुअर्ट याला इंग्लंडचा राजा म्हणून मर्यादित सत्ता 'विश्वासाने सोपवलेली' होती, ती देशाच्या कायद्यांनुसार चालवण्यासाठी, अन्यथा नाही. इथे राजा मालक न राहता विश्वस्त झाला. विश्वस्ताने ठेव गिळली तर तो ठेवीदाराचा गुन्हेगार ठरतो. द्रोह झाला तो विश्वासाचा, आणि ठेवीदार म्हणजे जनता. पुढे गुन्ह्याचे तपशील : नॉटिंगहॅम, एजहिल, ब्रेंटफर्ड, न्यूबरी, लेस्टर, नेझबी, अशी एकेक जागा, जिथे जिथे राजाच्या निशाणाखाली माणसं पडली. शेवटी 'जुलमी, द्रोही, खुनी आणि राष्ट्राचा उघड शत्रू' म्हणून जनतेच्या वतीने फिर्याद. फिर्यादीची रिकामी जागा अशी भरली गेली.

२० जानेवारी, शनिवार. वेस्टमिन्स्टर हॉल. मंडपाच्या एका टोकाला ६८ कमिशनर, त्यांच्यासमोर लाल मखमलीची खुर्ची, त्यात राजा. त्याने हॅट काढली नाही, कारण त्या सभागृहात आपल्याहून मोठं कुणी आहे हे त्याला मान्यच नव्हतं. कुक आरोपपत्र वाचायला उठला तेव्हा राजाने काठीने त्याच्या खांद्यावर टोचून थांबवायचा प्रयत्न केला. काठीची चांदीची मूठ निखळून खाली पडली. कोणीतरी उचलून देईल म्हणून राजा क्षणभर थांबला. कोणी हललं नाही. राजाने वाकून ती स्वतः उचलली. जन्मभरात त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच ही वेळ आली असावी. माझ्या लेखी राजेशाही त्या क्षणी संपली, कुऱ्हाड दहा दिवसांनी आली.

पण वादात राजा हरला नाही, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. आयुष्यभर तोतरं बोलणारा हा माणूस त्या तीन बैठकांत अडखळला नाही. त्याचं म्हणणं एकच : कुठल्या अधिकाराने, कायदेशीर अधिकाराने, मला इथे आणलंत? कॉमन्स न्यायालय कधीपासून झालं? आणि मग त्याने असं वाक्य टाकलं की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा : कायद्याविना निव्वळ बळ जर कायदे करू लागलं, तर इंग्लंडातल्या कुठल्या प्रजाजनाला आपल्या जिवाची किंवा जे आपलं म्हणतो त्याची खात्री राहील? अकरा वर्षं पार्लमेंटवाचून राज्य करणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही हे खरं. पण तोंड कुणाचं ते बाजूला ठेवलं, तर मुद्दा बिनतोड होता. ब्रॅडशॉकडे त्या घडीला उत्तर नव्हतं, तो फक्त 'न्यायालयाचा अधिकार न्यायालयाला मान्य आहे' एवढंच म्हणत राहिला. खरं उत्तर त्याने २७ तारखेला शिक्षा सुनावण्याआधी दिलं. राजा आणि प्रजा यांच्यात करार असतो, तो म्हणाला. एका टोकाला रक्षणाचं बंधन, दुसऱ्या टोकाला आज्ञापालनाचं. एक तुटलं की दुसरं राहत नाही.

राजाने 'गुन्हा कबूल' की 'नाकबूल' सांगायलाच नकार दिला होता. राजद्रोहाच्या खटल्यात असा नकार म्हणजे कबुली, असा रिवाज होता. साक्षीपुराव्याची गरज नव्हती. तरीही २४ आणि २५ तारखेला बंद खोलीत ३३ साक्षीदार तपासले गेले : कुणी राजाला अमुक मैदानावर तलवार उपसून घोड्यावर पाहिलेला, कुणी त्याच्यासमोर कैद्यांना मारहाण झालेली पाहिलेला. सामान्य माणसं, शिपाई, कारागीर. ज्या खटल्याला त्यांची कायद्याने गरज नव्हती तिथे त्यांना बोलावलं गेलं, हे मला मोलाचं वाटतं. निकालाच्या दिवशी 'इंग्लंडच्या जनतेच्या नावाने' हे शब्द उच्चारताच गॅलरीतून बुरखा घेतलेली एक स्त्री ओरडली, की निम्म्या जनतेच्याही नाही, चौथाईच्याही नाही. ती सेनापती फेअरफॅक्सची बायको होती. सैनिकांनी बंदुका रोखल्या. तिला बाहेर नेलं गेलं. वाक्य मात्र हॉलमध्येच राहिलं.

मृत्युदंडाच्या हुकमाच्या चर्मपत्रावर ५९ सह्या आणि ५९ लाखेचे ठसे आहेत. त्यावरचा काही मजकूर खरवडून पुन्हा लिहिलाय, ते डोळ्यांना दिसतं. घाई होती आणि माणसं कचरत होती. ३० जानेवारी, मंगळवार. थंडीने कापलो तर लोकांना भीती वाटेल म्हणून राजाने दोन सदरे चढवले. व्हाइटहॉलच्या मेजवानीगृहासमोर मंचाला लोखंडी कड्या ठोकल्या होत्या, राजा झटापट करू लागला तर दोरीने आवळायला. त्यांची गरज पडली नाही. पण सकाळी दहाला आणलेल्या राजाला दुपारी दोनपर्यंत ताटकळत ठेवावं लागलं, आणि त्याचं कारण पुन्हा कागद.

कारण असं. इंग्रजी कायद्यात गादी क्षणभरही रिकामी राहत नाही. बाप गेला त्या श्वासाला मुलगा राजा. म्हणजे कुऱ्हाड पडताक्षणी हॉलंडमध्ये बसलेला अठरा वर्षांचा राजपुत्र आपोआप चार्ल्स दुसरा होणार आणि मंचावरचे सगळे त्याचे गुन्हेगार ठरणार. हे कॉमन्सच्या लक्षात आलं ते ऐन दिवशी. तिकडे राजा प्रार्थना करत बसला आणि इकडे सभागृह घाईघाईने नव्या राजाची द्वाही फिरवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा मंजूर करत होतं. मगच जल्लादाला हुकूम गेला. मंचावर राजा बोलला ते त्याच्या मतांना धरूनच. जनतेचं स्वातंत्र्य मला प्रिय आहे, पण ते स्वातंत्र्य म्हणजे जीव आणि मालमत्ता सुरक्षित ठेवणारे कायदे, राज्यकारभारात वाटा नव्हे. प्रजा आणि राजा या निखालस वेगळ्या गोष्टी आहेत.

एका घावात डोकं उडालं. राजेशाही उपटायला पुढचे दोन महिने लागले. कसलेली जमीन नांगरताना मुळ्या हाताला लागाव्यात तसं राजाचं नाव जागोजाग निघत होतं. जुनी राजमुद्रा लोहार बोलावून भर सभागृहात फोडली. नवी टॉमस सायमनने कोरली. जिथे राजा सिंहासनावर बसलेला असे तिथे आता कॉमन्सचं भरलेलं सभागृह, मागच्या बाजूला इंग्लंड-आयर्लंडचा नकाशा, आणि भोवती मजकूर : 'ईश्वरकृपेने पुनःस्थापित स्वातंत्र्याचं पहिलं वर्ष, १६४८'. साल १६४८ अशासाठी, की तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. राजाबरोबर न्यायाधीशांच्या सनदाही मेल्या होत्या. बारांपैकी सहांनी नवी सनद घेतली, सहांनी नाकारली. 'किंग्ज बेंच'चं झालं 'अप्पर बेंच'. आणि समन्सवर राजाच्या नावाच्या जागी आलं : 'पार्लमेंटच्या अधिकाराने इंग्लंडच्या स्वातंत्र्याचे रक्षक'. हे रक्षक म्हणजे कुणी नेमलेली माणसं नव्हती. ते नुसतं नाव होतं, मोकळ्या जागेत बसवलेलं. १७ मार्चला राजपद रद्द झालं, 'अनावश्यक, बोजड आणि जनतेच्या स्वातंत्र्याला धोकादायक' म्हणून. १९ मार्चला सरदारांचं सभागृह.

या सगळ्या खटपटीतली मला सर्वांत भावलेली दोन कामं भाषेची आहेत. नाण्यांवरची लॅटिन गेली, इंग्रजी आली. आणि नोव्हेंबर १६५० च्या कायद्याने न्यायालयातलं कामकाज, कायद्याची पुस्तकं, निवाडे, सगळं इंग्रजीत आणायचं ठरलं. तोवर ते लॅटिनमध्ये आणि कायद्याच्या जुनाट फ्रेंचमध्ये चाले. ज्याच्या जमिनीचा दावा चाललाय त्यालाच आपल्या दाव्याचा कागद वाचता येत नसे. जनतेच्या नावाने न्याय करायचा तर तो जनतेला कळायला हवा. राजा परत आला तेव्हा लॅटिनही परत आली, आणि इंग्रजीला त्या न्यायालयांत कायमचं शिरायला १७३३ साल उजाडावं लागलं.

मग चुकलं कुठे? उत्तर शोधायला सव्वा वर्ष मागे जावं लागतं. ऑक्टोबर १६४७ मध्ये, लंडनजवळच्या पटनी गावातल्या चर्चमध्ये सैन्याची परिषद भरली होती. अधिकाऱ्यांबरोबर साध्या शिपायांचे निवडून दिलेले प्रतिनिधीही तिथे बसले होते. विल्यम क्लार्क नावाच्या चिटणिसाने सगळं लघुलिपीत टिपून घेतलं, म्हणून आपल्याला आज ते बोलणं ऐकू येतं. समोर होता 'जनतेचा करारनामा' : दर दोन वर्षांनी पार्लमेंट, लोकवस्तीच्या प्रमाणात जागा, कायद्यापुढे सर्व समान, धर्माच्या बाबतीत सक्ती नाही, जबरदस्तीची सैन्यभरती नाही, आणि काही हक्क असे की पार्लमेंटनेही त्यांना हात लावायचा नाही. कर्नल टॉमस रेन्सबरो म्हणाला, की इंग्लंडातल्या सर्वांत गरीब माणसालाही थोरामोठ्यासारखं आपलं आयुष्य जगायचं असतं, म्हणून ज्याला एखाद्या सरकारखाली राहायचंय त्याची संमती आधी घ्यायला हवी. पार्लमेंटच्या सैन्याचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल, त्याचा जावई हेन्री आयर्टन तितक्याच तडफेने उलटला : ज्याचं देशात कायमचं काही नाही, ना जमीन ना व्यापाराची सनद, त्याने कायदे करणारे निवडले तर उद्या तो मालमत्ताच उडवून लावेल. तेव्हा मत होतं ते वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेल्याला, तेही १४३० पासून. स्त्रियांचं नाव दोघांच्याही तोंडी आलं नाही. १६४९ च्या वसंतात हजारो सह्यांचा अर्ज घेऊन स्त्रिया स्वतःच पार्लमेंटच्या दारात गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन घरकाम बघायला सांगितलं गेलं.

त्या करारनाम्याचं पुढे काय झालं? अधिकाऱ्यांनी त्याचा सौम्य केलेला मसुदा पार्लमेंटपुढे ठेवला. तारीख २० जानेवारी १६४९, ज्या दिवशी खटला सुरू झाला तीच. सभागृहाने आभार मानून तो बाजूला ठेवला आणि पुन्हा काढला नाही. एकाच दिवशी, एकाच आवारात, एका दालनात जनतेच्या नावाने राजावर फिर्याद होत होती आणि शेजारच्या दालनात जनतेला विचारण्याची रीत फायलीत जात होती.

करारनाम्याच्या चळवळीचा पुढारी जॉन लिलबर्न याने हे आधीच ओळखलं होतं. राजाशी त्याचं जन्माचं वैर होतं, राजाच्या न्यायालयाने त्याला तरुणपणी चाबकाचे फटके मारत रस्त्यातून नेलं होतं. तरी या खटल्यात भाग घ्यायला त्याने नकार दिला. आधी करारनामा लोकांपुढे ठेवा, मग नव्या, खऱ्या प्रतिनिधींनी राजाचा न्याय करावा, तोही ज्यूरीपुढे, असं त्याचं म्हणणं. क्रम उलटा केलात तर एका तलवारीच्या जागी दुसरी येईल. तसंच झालं. मे १६४९ मध्ये करारनाम्यासाठी बंड केलेल्या सैनिकांना क्रॉमवेलने बर्फर्ड गावात गाठलं आणि १७ तारखेला त्यांच्यातल्या तिघांना चर्चच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. १९ तारखेला पार्लमेंटने इंग्लंड 'प्रजासत्ताक आणि स्वतंत्र राष्ट्र' झाल्याचा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात खुद्द लिलबर्नवर राजद्रोहाचा खटला भरला, आता 'रक्षकां'च्या वतीने. लंडनच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं आणि लोकांनी रस्त्यात होळ्या पेटवून जल्लोष केला. आयर्लंडात द्रोएडाच्या कत्तलीत प्रजासत्ताकाच्या सैन्याने जे केलं, त्याला तर कुठलाच करारनामा पुरा पडला नसता.

निवडणुका होत नव्हत्या, कारण खुल्या निवडणुकीत राजाची माणसं निवडून येतील अशी धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. राजाच्या नावावरचं त्याच्या हौतात्म्याचं पुस्तक त्या एका वर्षात पस्तीसच्या आसपास आवृत्त्या खपलं होतं. जॉन मिल्टनने सरकारी नोकरीत बसून त्याला सडेतोड उत्तर लिहिलं, आणि त्याआधी राजाची सत्ता ही जनतेने दिलेली ठेव आहे हेही कुणाहून चांगलं मांडलं होतं. पण रडवणाऱ्या पुस्तकाला पटवणारं पुस्तक भारी पडत नाही. १६५३ च्या एप्रिलमध्ये क्रॉमवेलने उरलंसुरलं पार्लमेंटही शिपायांकरवी बाहेर काढलं. डिसेंबरात तो 'लॉर्ड प्रोटेक्टर' झाला आणि समन्सवर रक्षकांच्या जागी त्याचं नाव लागलं.

१६५७ मध्ये त्याला राजमुकुट देऊ केला गेला. लोक याला चापलुसी समजतात. मला वाटतं, देऊ करणारे वकील होते हे ध्यानात घेतलं तर वेगळंच दिसतं. त्यांचा मुद्दा असा, की 'राजा' या पदाला कायद्याने शेकडो वर्षांत कुंपण घातलंय, तो काय करू शकतो आणि काय नाही हे प्रत्येक न्यायाधीशाला पाठ आहे. 'प्रोटेक्टर' काय करू शकत नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय १४९५ चा एक कायदा गादीवर असलेल्या राजाचं ऐकणाऱ्याला पुढच्या राजाच्या सूडापासून वाचवत होता. तो कायदा राजाचं नाव घेत होता, प्रोटेक्टरचं नव्हे. क्रॉमवेलने पाच आठवडे विचार केला. जुने सैनिक सहकारी फिरतील हे दिसल्यावर ८ मेला त्याने नकार दिला. पुढच्या वर्षी तो वारला आणि मुलाला ती जागा वर्षभरही सांभाळता आली नाही.

८ मे १६६०. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, नव्या पार्लमेंटने चार्ल्स दुसऱ्याची द्वाही फिरवली. आज राजा झाला असं नव्हे, बापाचं डोकं पडलं त्या क्षणापासून तो राजाच होता, असं. अकरा वर्षांतले सगळे कायदे राजसंमतीवाचूनचे, म्हणून रद्दबातल. पण मग त्या काळात झालेले जमिनींचे निवाडे? लागलेली लग्नं? ती मोडली असती तर देश कोसळला असता, म्हणून त्यांना जपणारे वेगळे कायदे करावे लागले. जहाजपट्टी मात्र परत आली नाही, आणि राजाच्या मर्जीने माणसांचे कान कापणारं 'स्टार चेंबर'ही नाही. मृत्युदंडाचा तो हुकूम, तो अमलात आणणाऱ्या कर्नल हॅकरच्या घरी सापडला आणि ५९ सह्यांची ती यादी शोधपत्रक म्हणून वापरली गेली. ऑक्टोबरात दहा जणांना मारलं, बहुतेकांना आतडी काढून. पहिला गेला टॉमस हॅरिसन. तो न्यायाधीशांना म्हणाला, आम्ही जे केलं ते कोपऱ्यात केलं नव्हतं. १६ ऑक्टोबरला जॉन कुक गेला. शेवटच्या दिवसांत त्याने लिहिलं, की आम्ही लोकहितासाठी लढलो, जनतेला मोकळं केलं असतं, पण राष्ट्राला मोकळेपणापेक्षा दास्यच गोड वाटलं. मी त्याच्याशी सहमत नाही. राष्ट्राला काय गोड वाटतं हे त्या अकरा वर्षांत धड विचारलंच गेलं नव्हतं. पण ती ओळ वाचताना डोळे भरतात. ३० जानेवारी १६६१ ला, बारा वर्षांनी त्याच तारखेला, क्रॉमवेल, आयर्टन आणि ब्रॅडशॉ यांची प्रेतं उकरून फासावर टांगली.

त्याच साली चार्ल्स दुसऱ्याचा पोर्तुगालच्या राजकन्येशी, ब्रागांझाच्या कॅथरीनशी, लग्नाचा तह झाला आणि त्यात मुंबई बेट आंदण म्हणून आलं. राजाला ते परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला १० पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला, या भाड्याने. सनदेत मुंबई ही कायद्याच्या भाषेत इंग्लंडातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीचा भाग धरली आहे. अखेरीस तारीख आहे : २७ मार्च, आमच्या कारकिर्दीचं विसावं वर्ष. चार्ल्सला लंडनला परत येऊन तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती.